सभागृह नेता

संसदेत किंवा विधिमंडळात सरकारच्या बाजूने कामकाजाची आखणी करणारा आणि ते तडीस नेण्याची जबाबदारी असलेला मंत्री. भारतीय संविधानात या पदाचा उल्लेख नाही. ते कार्यपद्धतीच्या नियमांतून आणि प्रथेतून रुजले. लोकसभेच्या नियमांनुसार पंतप्रधान त्या सभागृहाचे सदस्य असतील तर नेतेही तेच. नसतील तर त्यांनी नेमलेला, त्या सभागृहाचा सदस्य असलेला मंत्री. डॉ. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य होते. त्यामुळे लोकसभेत आधी प्रणव मुखर्जी आणि २०१२ पासून सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे हे काम पाहत होते.

महाराष्ट्रात सहसा मुख्यमंत्री विधानसभेचे नेते असतात, तर विधान परिषदेत ही जबाबदारी एखाद्या मंत्र्याकडे दिली जाते. रोजची जुळवाजुळव मात्र संसदीय कार्यमंत्र्याच्या वाट्याला येते. सामान्य मुंबईकराच्या कानावर हा शब्द पडतो तो बहुधा महापालिकेच्या बातम्यांतून. तिथला सभागृह नेता हा सत्ताधारी पक्षाचा नगरसेवक असतो आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. म्हणजे प्रशासनाच्या कारभाराचे उत्तरदायित्व त्याच्यावर नसते. नरिमन पॉइंटच्या विधान भवनातला नेता सरकारचाच घटक असतो. दोन्ही पदांचे नाव एक असले तरी हा फरक विसरू नये.

या पदाचे खरे काम वेळेशी आहे. बहुमत सरकारकडे असते, पण वेळ साऱ्या सभागृहाची असते. अर्थसंकल्पी अधिवेशनात राज्यपालांचे अभिभाषण, त्यावरील आभाराचा प्रस्ताव, विभागवार मागण्या आणि विनियोजन विधेयक (तिजोरीतून खर्चाला मंजुरी देणारे विधेयक) एवढे सगळे बसवायचे असते. ३१ मार्चपूर्वी विनियोजन विधेयक किंवा निदान लेखानुदान (काही काळाच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी) मंजूर झाले नाही, तर नव्या वर्षात तिजोरीतून खर्चच करता येत नाही. विरोधकांना हे पक्के ठाऊक असते. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना), स्थगन प्रस्ताव (ठरलेले कामकाज थांबवून चर्चेची मागणी), औचित्याचे मुद्दे यांतून ते आपल्या विषयांसाठी तास मागतात, आणि ते मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कोणत्या विधेयकाला किती वेळ, कोणती चर्चा कधी, हे अध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील कामकाज सल्लागार समितीत ठरते. त्याआधीची घासाघीस दालनांत होते. ठरलेले मोडले की गोंधळ, सभात्याग, तहकुबी, आणि शेवटी चर्चेविना मंजूर होणारी विधेयके. हे शेवटचे सर्वांत वाईट, कारण त्या कायद्याखाली राहणाऱ्या माणसाची बाजू कुणी मांडलेलीच नसते.

मंत्र्यांना वेळेवर सभागृहात बसवणे हेही सभागृह नेत्याच्याच कामात मोडते. ज्याची लक्षवेधी त्याच खात्याचा मंत्री गैरहजर असेल तर विरोधक सभागृह डोक्यावर घेतात, आणि ते योग्यच आहे. गणपूर्तीसाठी (कामकाज चालण्यास लागणाऱ्या किमान हजेरीसाठी) एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा दहा, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती लागते. म्हणजे २८८ जणांच्या विधानसभेत २९, तर ७८ जणांच्या परिषदेत १० सदस्य हवेत. आमदारांना जागेवर ठेवण्याचे काम प्रतोद, म्हणजे पक्षाने त्यासाठी नेमलेले आमदार, करतात.

ब्रिटन आणि कॅनडात पुढच्या आठवड्याचे कामकाज दर गुरुवारी सभागृहात उघडपणे सांगितले जाते. कॅनडात तर विरोधकांचा सभागृह नेता उभा राहून सरकारच्या सभागृह नेत्याला ते विचारतो. समितीच्या बंद दाराआड ठरण्यापेक्षा ही पद्धत लोकांना जास्त उपयोगी आहे.

बहुमताच्या जोरावर सभागृहात काय करता येते आणि काय नाही, याचा धडा मुंबईतच मिळाला. करोनाकाळात ५ आणि ६ जुलै २०२१ असे दोनच दिवसांचे पावसाळी अधिवेशन झाले. पहिल्या दिवशी तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्याचा प्रस्ताव संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी मांडला आणि तो आवाजी मतदानाने संमत झाला. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. इतका काळ मतदारसंघ प्रतिनिधीविना राहू शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. काठावरच्या बहुमताचे सरकार अशा मार्गाने सभागृहातले गणित बदलू शकते, हा धोकाही न्यायालयाने दाखवून दिला. सभागृहाची शिस्त राखण्याचा अधिकार सभागृहाचाच आहे. तरी प्रस्ताव मांडणाऱ्या मंत्र्याने समोरच्या बाकांमागचे मतदारही मोजले पाहिजेत.

काही प्रसंगी नेता पक्षाचा उरत नाही. शोकप्रस्तावावर तो सगळ्यांच्या वतीने बोलतो. नवे अध्यक्ष निवडले गेले की तो आणि विरोधी पक्षनेता मिळून त्यांना आसनापर्यंत नेतात. २०२४ च्या निवडणुकीत मात्र कोणत्याही एका विरोधी पक्षाला या पदासाठी प्रथेने लागणाऱ्या विधानसभेच्या एक दशांश जागा मिळाल्या नाहीत आणि निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. अशा वेळी एका जबाबदार माणसाशी बोलून दिवसाचे कामकाज ठरवण्याची सोय राहत नाही, वेगवेगळ्या पक्षांच्या गटनेत्यांना स्वतंत्रपणे गाठावे लागते.