आठ मूर्तींचा संच : सात बुद्ध, एक मैत्रेय

‘अहो, तुम्ही एकच मूर्ती सात वेळा पाठवलीत!’ पितळी संच घरी पोचला की असा फोन हमखास येतो. चूक झालेली नसते. सातही जण मुद्दाम सारखे घडवलेले असतात. ते का, हे फोनवर दर वेळी नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

बुद्धवंदनेत आपण म्हणतो, ‘ये च बुद्धा अतीता च, ये च बुद्धा अनागता’. तोंडपाठ असल्यामुळे ‘अतीता’ या शब्दावर सहसा कुणी थांबत नाही. अतीत म्हणजे होऊन गेलेले. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या महापदान सुत्तात भगवान बुद्ध स्वतःआधीच्या सहा बुद्धांची नावं सांगतात: विपस्सी, सिखी, वेस्सभू, ककुसंध, कोणागमन, कस्सप. सातवे ते स्वतः, म्हणजे गोतम. (बुद्धवंस या दुसऱ्या पाली ग्रंथात ही मालिका आणखी मागे, दीपंकर नावाच्या बुद्धांच्याही पलीकडे जाते आणि संख्या अठ्ठावीसवर पोचते. तेवढा संच आम्ही करत नाही. मुंबईच्या घरात ठेवणार कुठे?)

प्रत्येक बुद्धाचा काळ वेगळा, आयुर्मान वेगळं. विपस्सींच्या काळी माणूस 80,000 वर्षं जगे, गोतमांच्या काळी जेमतेम 100. पण धम्म तोच आणि वाटही तीच, म्हणून चेहरा बदलत नाही. बदलतं ते झाड, ज्याच्याखाली बोधी मिळाली. विपस्सींची पाडळ, सिखींचा पुंडरीक म्हणजे पांढरा आंबा, वेस्सभूंचा साल, ककुसंधांचा शिरीष, कोणागमनांचा उंबर, कस्सपांचा वड आणि आपल्या बुद्धांचा पिंपळ. हातांच्या मुद्रेवरून ओळखायला जाऊ नका, फसाल. पानं बघा. उंबर, वड, पिंपळ तर लहान मुलंही ओळखतात.

ही युक्ती आमची नाही. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर माणसाच्या रूपात बुद्ध कोरलेलेच नाहीत. नुसतं झाड आणि खाली त्या त्या बुद्धाचं नाव. वेरूळच्या 12 क्रमांकाच्या लेण्यात, तीन ताल म्हणतात त्यात, वरच्या मजल्यावर सात बुद्ध ओळीने बसलेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळं झाड आहे. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्याच्या दारावर रंगवलेले आहेत ते आठ, शेवटचा मैत्रेय, म्हणजे पुढे होणारा बुद्ध. कोणागमन तर अशोकाच्याही ओळखीचे. त्यांचा स्तूप वाढवून दुप्पट केल्याचा त्याचा स्तंभलेख नेपाळच्या तराईत, निगाली सागरला सापडला.

पण आमचा संच बेतलाय तो जवळच्या ठिकाणावर. विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरा. तिथल्या स्तूपाला गावात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती गोलाकार बसवलेल्या आठ धातूच्या मूर्ती, सात बुद्ध आणि मैत्रेय! करंड्यात करंडा असं उघडत गेल्यावर शेवटी सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या पात्राचे तुकडे मिळाले. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असं इंद्रजींचं मत होतं. मूर्ती मात्र पुष्कळ नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानतात. म्हणजे कुणीतरी मागाहून स्तूप उघडून त्या आत ठेवल्या असणार. हा ठेवा फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

आठवा मैत्रेय मुकुट आणि दागिने घातलेला असतो, कारण तो अजून बुद्ध झालेला नाही, बोधिसत्त्व आहे. ‘याला साधा करून द्या’ अशी मागणी येते. आम्ही नाही म्हणतो. दुकानादुकानांतला ढेरपोट्या हसरा बुद्ध म्हणजे चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्षूचं रूप. तिकडे त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात. तो या संचात बसत नाही.

मांडायचं कसं? गोल मांडलंत तर सोपाऱ्यासारखं. ओळीत मांडायचं तर डावीकडून पाडळीपासून सुरुवात करा, शेवटी मैत्रेय. चिंच-मिठाने घासू नका, जुनवट रंग उडतो. कोरडं मऊ फडकं पुरे.

झाडं मागून स्क्रूने बसवलेली आहेत. पुसताना सगळी एकदम काढलीत आणि कुठलं कुणाचं ते विसरलात, तरी फोन करायची गरज नाही. नाव आम्ही मूर्तीवर नाही, झाडाच्या पाठीवर कोरतो. उंबर ज्यांच्यामागे लावाल ते कोणागमन.