व्हायोलिनची फळी, सीएनसी मशीन आणि उरलेला अर्धा मिलिमीटर

घरात छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणारं मशीन, आहे आणि त्यावर व्हायोलिनचे भाग कापतो, असं सांगितलं की समोरून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे बटण दाबलं की व्हायोलिन तयार?" नाही. पण मशीन जेवढं करतं तेही थोडं नाही. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लाकडाची वरची फळी, मेपलची पाठ, मानेच्या टोकाचा वळसा, बोटं फिरतात ती आबनुसाची पट्टी, यांतलं जाडंभरडं काम ते उत्तम करतं.

या कामाचं एक मोठं उदाहरण २०११ मध्ये जगासमोर आलं. अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट स्टीव्हन सिर यांनी १७०४ सालच्या 'बेट्स' या स्ट्रॅडिव्हेरियसचा, म्हणजे इटलीच्या अंतोनिओ स्ट्रॅडिव्हेरी यांनी घडवलेल्या व्हायोलिनचा, सीटी स्कॅन केला होता. हे वाद्य वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. हजारांवर छेदप्रतिमांमधून त्याचा त्रिमितीय आराखडा तयार झाला, आणि जॉन वॅडल व स्टीव्ह रॉसो या वाद्यकारांनी सीएनसीवर भाग कापून त्याच्या प्रतिकृती घडवल्या.

घरचं मशीनही त्याच तत्त्वावर चालतं. गोल टोकाचा ६ मिमीचा कटर फळीवर शेजारी शेजारी ओळी कापत जातो. शेतात सरी-वरंबा पडतो ना, अगदी तसंच. वरंब्याची उंची म्हणजे दोन ओळींतल्या अंतराचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. ओळी १ मिमीवर असतील तर वरंबा ०.०४ मिमी, २ मिमीवर नेल्या तर ०.१७ मिमी. अंतर दुप्पट, वरंबा चौपट. फळी सुमारे ३५६ मिमी लांब आणि २१० मिमी रुंद. १ मिमीच्या ओळींनी कटर जवळजवळ ७५ मीटर चालतो. मिनिटाला दीड मीटर वेग धरला तर पन्नास मिनिटांचं काम.

खरी परीक्षा फळी उलटताना होते. बाहेरचा फुगवटा कापून झाला की फळी पालथी करून आतली बाजू कोरायची. दोन्ही बाजू एकमेकींवर नेमक्या बसाव्यात म्हणून कडेच्या टाकाऊ लाकडात दोन पिना बसवतात. माझ्या पहिल्या फळीत पिनांची भोकं सैल झाली आणि फळी ०.६ मिमी सरकली. फुगवट्याचा उतार एकास तीन असेल तिथे ०.६ मिमी सरकणं म्हणजे जाडीत ०.२ मिमीचा फरक. एका अंगाला फळी पातळ, दुसऱ्या अंगाला जाड. बल्बसमोर धरली तर पातळ बाजू तांबूस उजळली, जाड बाजू काळपटच राहिली.

०.२ मिमीने काय बिघडतं? फुटपट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा. दुसऱ्या वेळी ती ऐकत नाही. लाकूड वाकतं तेव्हा वरचे थर ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मधला थर आहे तसा राहतो. जाडी वाढली की थर वाढतात, ही पहिली पट. थर मध्यापासून जितका लांब तितका तो जास्त ताणला जातो, ही दुसरी. आणि जितका लांब तितकी त्या ताणाची तरफही लांब, ही तिसरी. तिन्हींचा गुणाकार म्हणजे जाडीचा घन. ३ मिमीची फळी २.८ मिमी झाली की तिचा ताठपणा १९ टक्क्यांनी उतरतो. फुगवट्याच्या कमानीमुळे हा हिशेब थोडा बदलतो, पण रोख तोच.

आता लाकडाचं. स्प्रूस रेषांच्या दिशेने जितकं ताठ असतं, त्याच्या दहावा हिस्साही आडव्या दिशेने नसतं, आणि हे प्रमाण प्रत्येक ओंडक्यात वेगळं. स्कॅनमध्ये आकार येतो, घनतेचा अंदाजही येतो, पण ताठपणा येत नाही. म्हणून स्ट्रॅडिव्हेरियसची जाडी जशीच्या तशी कापून त्याचा आवाज मिळेल ही आशा फोल आहे.

स्ट्रॅडिव्हेरियसच्या आवाजामागे गुप्त वार्निश किंवा हरवलेलं रहस्य आहे, या कथाही आता सोडून द्याव्यात. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना, वाद्य ओळखू येऊ नये म्हणून काळे गॉगल घालून, तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती, एक ग्वार्नेरी या दुसऱ्या जुन्या इटालियन कारागिराचं. सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला.

म्हणून मी मशीनवर फळी अर्धा मिलिमीटर जाड ठेवतो आणि उरलेलं हाताने खरवडतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा कानस फिरवतो. हे कामही त्याच जातीचं. फळी स्पंजच्या तुकड्यांवर ठेवून खाली स्पीकर लावायचा आणि वर कोरडी चहाची पूड भुरभुरायची. मोबाइलवरून सूर हळूहळू चढवत नेला की साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान पूड एकदम थरथरते आणि फळीच्या कडेकडेने एक वळण रेखते. फळीचा जो भाग हलत नाही तिथे ती साचते. अमेरिकेच्या कार्लीन हचिन्स यांनी ही आकृती वाद्यकारांच्या रोजच्या कामात आणली. हे वळण सलग हवं, पण माझ्या फळीवर डाव्या खांद्याशी ते तुटलं होतं. तिथे आतून स्क्रेपरचे आठ-दहा हात मारले, पूड झटकली, पुन्हा भुरभुरली. चौथ्या खेपेला दोन्ही टोकं सांधली.