विज्ञानपटातील दृश्यचमत्कृती आणि चिकित्सा

डोळे दिपवणारी दृश्ये आणि तंत्रज्ञान, सत्ता, माणूसपण यांची चिकित्सा या विज्ञानपटाच्या दोन बाजू. दृश्यांचा थाट वाढला की विचार पातळ होतो, अशी तक्रार समीक्षेत जुनी आहे. ती सरसकट खरी नाही.

या चित्रप्रकाराचा उगमच जादूच्या खेळात आहे. फ्रेंच जादूगार झॉर्झ मेलिएस याने १९०२ मध्ये चंद्रसफरीवर चित्रपट काढला. चंद्राच्या डोळ्यात रुतलेले यान सर्वांना आठवते. त्यातले खगोलशास्त्रज्ञ टोकदार टोप्या घातलेले मांत्रिक दिसतात, ही थट्टा मात्र नजरेतून सुटते.

फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) दृश्य हीच टीका आहे. वर गगनचुंबी मनोरे, जमिनीखाली कामगारांची वस्ती. एका प्रसंगात प्रचंड तबकडीचे काटे हातांनी ओढून माणूस मेटाकुटीला येतो आणि तिच्या जागी त्याला दहा तासांचे घड्याळ दिसू लागते. कामाची पाळीही दहा तासांचीच. हे सांगायला संवाद लागत नाही. (मनोरे अर्थात छोट्या प्रतिकृती होत्या, आरशाच्या युक्तीने त्यांत नट बसवले गेले.)

अमेरिकी समीक्षक सुझन सॉन्टॅगने १९६५ च्या निबंधात विज्ञानपटांत विध्वंस पाहण्याचा आनंद असतो, सामाजिक टीका नसते, असे ठासून म्हटले. तिच्यासमोरच्या आपत्तिपटांना ते बरेचसे लागू पडते. पण तीनच वर्षांनी स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये वानराने भिरकावलेले हाड पुढच्याच चौकटीत अंतराळयान झाले: हत्यार ते यंत्र हा लाखो वर्षांचा प्रवास एका कटमध्ये.

चमत्कृतीला पैसाच लागतो असेही नाही. क्रिस मार्करचा ‘ला जते’ (१९६२) जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा, अर्ध्या तासाहूनही लहान. त्यात एकदाच चित्र हलते: झोपलेली स्त्री डोळे उघडते. तेवढ्या पापण्यांच्या हालचालीने प्रेक्षक दचकतो.

संगणकाच्या काळात हा झगडा आणखी बारीक झाला. ‘इंटरस्टेलर’मधील (२०१४) कृष्णविवरासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांची समीकरणे वापरली. त्यांनुसार विवराभोवतीच्या तेजस्वी तबकडीची एक बाजू दुसरीपेक्षा खूप उजळ दिसायला हवी होती. प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावर दोन्ही बाजू सारख्या ठेवण्यात आल्या.