अकरा आज्ञांची चाळण

‘छप्पन दुकानावरचं फुकटचं वायफाय वापरू नका. शेजारच्या टेबलावरचा मुलगा पॅकेट पकडून तुमचा यूपीआय पिन वाचतो!’ असा निरोप इंदूरच्या आमच्या मराठी गटांत अधूनमधून उगवतो आणि मंडळी तो भाविकपणे पुढे ढकलतात. इकडे भंवरकुआँला कोचिंगच्या गर्दीत याच भीतीचा धंदा चालतो: दोन दिवसांत एथिकल हॅकर व्हा, सर्टिफिकेट आमच्याकडून.

पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, पकडता येतं हे खरं. पण पिन ॲपमध्येच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूप घेतो, आणि बँकेकडे जाणाऱ्या संवादावर टीएलएस या एन्क्रिप्शनचं आणखी एक कवच असतं. शेजारच्या टेबलाला फार तर तुमचा फोन कोणत्या सर्व्हरशी बोलतोय एवढं कळेल. केबलच्या नेटवर्कवर तर तेही अवघड. तिथला स्विच, म्हणजे केबली जोडणारी पेटी, ज्याची फ्रेम (पॅकेट ज्या पाकिटातून जातं ते) त्याच्याच पोर्टात, म्हणजे केबलच्या खाचेत, सोडतो. नेटवर्क कार्ड ‘प्रॉमिस्क्युअस मोड’मध्ये टाकलं, म्हणजे समोर येईल ते सगळं घ्यायला लावलं, तरी दारात न आलेली फ्रेम ते कुठून वाचणार?

मग हे पकडणं उपयोगाचं कशासाठी? स्वतःच्या नेटवर्कवर काय चाललंय ते पाहण्यासाठी. (दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय हे उद्योग करू नयेत.) आमच्या कॉलनीतली एक मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी असाच प्रोग्रॅम लिहीत होती. ‘काका, कंपाइल होतंय पण लिंक होत नाही,’ म्हणत लॅपटॉप घेऊन आली. स्क्रीनवर ‘अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’ची रांग.

ही रांग बहुतेक नवशिक्यांना भेटते. पॅकेट पकडायची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, लिनक्सवर लिबपीकॅप, विंडोजवर एनपीकॅप. जुन्या ट्यूटोरियलमध्ये विनपीकॅप दिसेल. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तिच्या वाटेला जाऊ नका. हेडर फाइल कंपायलरला फक्त फंक्शनांची नावं सांगते; ती फंक्शनं आहेत कुठे, हे लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, वेगळं सांगावं लागतं. व्हिज्युअल स्टुडिओत एनपीकॅपच्या एसडीकेचा (प्रोग्रॅमरांसाठीच्या फाइलींच्या गठ्ठ्याचा) इन्क्लूड फोल्डर एकीकडे, लिब फोल्डर दुसरीकडे आणि ‘डब्ल्यूपीकॅप डॉट लिब’ तिसरीकडे नोंदवायचं. प्रोग्रॅम ६४ बिटचा असेल तर लिबमधला एक्स-६४ हाच उपफोल्डर. तिचं घोडं इथंच अडलं होतं. लिंक झाल्यावरही ‘डीएलएल सापडत नाही’ असं येऊ शकतं, कारण एनपीकॅप आपली डीएलएल (प्रोग्रॅम चालताना लागणारी लायब्ररीची फाइल) सिस्टम-३२ च्या आत स्वतःच्या फोल्डरात ठेवतो. ती वाट प्रोग्रॅमला सुरुवातीलाच दाखवावी लागते. उबुंटूवर काम सोपं: ‘लिबपीकॅप-डेव्ह’ हे पॅकेज घ्यायचं आणि जीसीसीच्या आज्ञेत पीकॅपचं नाव सोर्स फाइलच्या नंतर लिहायचं, आधी नाही.

पण एसडीके जोडूनही भागत नाही. विंडोजवर एनपीकॅपचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, लिनक्सवर रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार किंवा निदान ‘कॅप-नेट-रॉ’ ही परवानगी लागते. एका साध्या लायब्ररीला एवढा मानपान का? कारण खरं काम ती करतच नाही. ते होतं कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आणि मला या सगळ्या प्रकरणात वेड लावणारी गोष्ट तिथेच आहे.

१ गिगाबिटच्या इथरनेट लाइनवर सर्वांत छोट्या फ्रेम लागोपाठ आल्या तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होतात. तुम्हाला हव्यात त्यातल्या मूठभर. सगळ्या कर्नलमधून उचलून प्रोग्रॅमच्या मेमरीत आणायच्या आणि मग नको त्या फेकायच्या, हा आतबट्ट्याचा व्यवहार. गहू दळायला देण्याआधी निवडतात, पिठातून कोणी खडे वेचत नाही. तेव्हा निवड कर्नलमध्येच व्हायला हवी. पण काय निवडायचं हे तर प्रोग्रॅमला ठाऊक! आणि बाहेरच्या कुणाचाही कोड गाभ्यात चालू दिला तर एका चुकीने सगळं यंत्र झोपेल.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरीच्या स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या निबंधात यावर उत्तर मांडलं: बर्कली पॅकेट फिल्टर, म्हणजेच बीपीएफ. कर्नलमध्ये एक चिमुकलं काल्पनिक संगणक-यंत्र बसवायचं. त्याला एक ॲक्युम्युलेटर (हिशेबाचा कप्पा), एक इंडेक्स रजिस्टर (जागा मोजायचा कप्पा), थोडी कच्ची मेमरी, बस. तुम्ही ‘आयपी आणि यूडीपी डेस्टिनेशन पोर्ट ५३’ असं लिहिता, लायब्ररीतला पीकॅप_कंपाइल त्याचा या यंत्राच्या भाषेत अनुवाद करतो, आणि पीकॅप_सेटफिल्टर तो कर्नलच्या हवाली करतो. आयपी आणि यूडीपी हे पॅकेट पाठवण्याचे ठरलेले नियम; पोर्ट म्हणजे इथे पॅकेट कोणत्या सेवेकडे जातंय तो क्रमांक. पोर्ट ५३ म्हणजे डीएनएस, नावावरून पत्ता विचारणारी पॅकेटं.

वरच्या ओळीच्या होतात अकरा आज्ञा. (टीसीपीडम्प या पॅकेट पाहायच्या प्रोग्रॅमला ‘डी’ हा पर्याय दिलात तर तो त्या छापून दाखवतो.) पहिली फ्रेमच्या १२ व्या बाइटपासून दोन बाइट उचलते, मोजणी शून्यापासून. तिथे हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावर मोजलेला) ०८०० हा आकडा असेल तर आत आयपी आहे, नाहीतर थेट शेवटच्या आज्ञेवर उडी: नापास. मग २३ वा बाइट. इथरनेटचं हेडर, म्हणजे फ्रेमच्या सुरुवातीची माहितीची पट्टी, १४ बाइटचं, त्यापुढे आयपी हेडरातला क्रमांक ९, म्हणून २३. तिथे १७ असेल तर यूडीपी. मग २० व्या बाइटापाशी पाहायचं, हा मोठ्या पॅकेटचा मधला तुकडा तर नाही? मधल्या तुकड्यात पोर्टाचा आकडाच नसतो. न पाहता वाचलं तर भलताच मजकूर पोर्ट समजला जाईल.

आणि आता माझी लाडकी आज्ञा. आयपी हेडरची लांबी ठरलेली नसते, २० ते ६० बाइट. ती १४ व्या बाइटच्या खालच्या चार बिटांत, चाराच्या पटीत लिहिलेली असते. तो बाइट घ्या, खालची चार बिटं ठेवा, चाराने गुणा, इंडेक्स रजिस्टरमध्ये टाका: हे सगळं एकाच आज्ञेत! नेमक्या याच कामासाठी ती घडवली आहे. पुढची आज्ञा इंडेक्स अधिक १६ या जागी पोर्ट वाचते, त्यापुढची तो ५३ शी ताडते. पास झालं तर उत्तर म्हणून येतो किती बाइट ठेवायचे तो आकडा. शून्य आला तर फ्रेम तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत येतच नाही.

सुरक्षेचं काय? या भाषेत उडी फक्त पुढे मारता येते. मागे जाता येत नाही, म्हणजे लूप नाही, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम थांबणारच. कर्नल उड्या हद्दीत आहेत ना, आज्ञा ओळखीच्या आहेत ना, अशा मोजक्या गोष्टी तपासतो. २०१४ मध्ये लिनक्सने याच कल्पनेचा विस्तार केला, त्याचं नाव ईबीपीएफ. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तुमचा प्रोजेक्ट लिंक झाला, अधिकार मिळाले, तरी एक खोच उरते. वरचे १२, २०, २३ हे आकडे इथरनेटचे आहेत. लिनक्सवर ‘एनी’ नावाचा (सगळ्या नेटवर्क-जोडण्या एकत्र दाखवणारा) इंटरफेस उघडलात तर पीकॅप_ओपन_लाइव्ह समोर १६ बाइटचं निराळंच हेडर ठेवतो, आणि २३ वर असलेला बाइट जातो २५ वर. फिल्टर बिघडत नाही, कारण तो कंपाइल होतो इंटरफेस उघडल्यानंतर, कोणतं हेडर आहे ते पाहून. बिघडतो तो तुमचा कोड, ज्यात कुणाच्या तरी ट्यूटोरियलवरून १४ हा आकडा जसाच्या तसा उतरवलेला असतो. पॅकेट वाचण्याआधी हेडर कोणतं ते पीकॅप_डेटालिंकला विचारून घ्या.