गोल्डनरॉड शाळा, क्लॅरिंडा

गोल्डनरॉड शाळा : अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पेज काउंटीमधील जुनी एकखोली शाळा. जेसी फील्ड शॅमबॉ (१८८१–१९७१) या शिक्षिकेची आठवण म्हणून ती जपलेली आहे. मूळ जागेवरून हलवलेली ही इमारत आता क्लॅरिंडा गावातील नॉडवे व्हॅली ऐतिहासिक संग्रहालयाच्या आवारात उभी आहे. ‘फोर-एच’ या ग्रामीण मुलांच्या चळवळीचे जन्मस्थान म्हणून स्थानिक लोक तिच्याकडे बोट दाखवतात. हा मान निर्विवाद नाही.

गोल्डनरॉड हे पिवळ्या तुऱ्यांचे रानझुडूप प्रेअरीवर, म्हणजे उंच गवताच्या सपाट माळावर वाढते. एकेकाळी आयोवाचा बहुतेक भाग अशा माळांनी व्यापलेला होता. एकोणिसाव्या शतकात वसाहतकारांनी तो नांगरला, आणि आज मूळ गवताळ जमीन एक टक्कासुद्धा उरलेली नाही. माळ गेला, शाळेच्या नावात झुडूप राहिले. नांगरलेल्या जमिनीची आखणी चौरसांत झाली आणि साधारण दर दोन मैलांवर एक शाळा आली. एक खोली, एक शेगडी, एक शिक्षिका आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले एकत्र. शिक्षिका बहुधा विशीतली असे.

फील्ड यांचा जन्म जवळच्या शेनँडोआचा. भाऊ हेन्री फील्ड पुढे बियाण्यांचे मोठे व्यापारी झाले, म्हणजे बियाणे हा घरचाच विषय. १९०१ साली त्या गोल्डनरॉड शाळेत शिकवू लागल्या आणि तिथेच त्यांनी मुलांसाठी मका मंडळ व मुलींसाठी गृह मंडळ काढले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत शेत जवळजवळ नव्हतेच. हुशार मुलाने शिकून शहर गाठावे, हाच शाळेचा अघोषित हेतू. फील्ड यांनी तो उलटा फिरवला. बियाण्यासाठी ठेवलेल्या प्रत्येक कणसाचे थोडे दाणे आधी रुजत घालून पाहायचे, कोंब नीट न आल्यास ते कणीस बाजूला काढायचे. कणसांची परीक्षा करायची, उत्पन्नाचा हिशेब मांडायचा. गणित आपोआप होत गेले. शेतीच्या उदाहरणांवर त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. मुलगे मका आणि मुली घरकाम, ही वाटणी मात्र त्यांनीही मोडली नाही. ती त्या काळाचीच होती.

१९०६ मध्ये त्या पेज काउंटीच्या शाळा-अधीक्षक म्हणून निवडून आल्या. (काउंटी प्रशासनाने जिल्ह्यासारखी, आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी.) अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो १९२० साली, आयोवात शाळाखात्यातील पदे मात्र त्यांना आधीपासून खुली होती. हाताखाली सुमारे १३० खेडेशाळा आल्या आणि एका खोलीतला प्रयोग काउंटीभर पसरला. स्पर्धेत चांगले काम करणाऱ्या मुलांसाठी १९१०च्या सुमारास त्यांनी एक बिल्ला तयार केला : तीन पानांचे क्लोव्हर, म्हणजे आपल्याकडच्या बरसीम घासाच्या कुळातले पान. प्रत्येक पानावर ‘एच’ हे अक्षर – डोके, हृदय आणि हात या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर – आणि मधोमध मक्याचा दाणा, त्यावर ‘पेज’ हे नाव.

फोर-एचच्या चिन्हात पुढे आलेल्या चौथ्या पानाची कथा गुंतागुंतीची आहे. आयोवाच्याच राइट काउंटीतील शाळा-अधीक्षक ओ. एच. बेन्सन हेही क्लोव्हरच्या चिन्हाचे जनक मानले जातात. त्यांचा चौथा ‘एच’ आधी धडपडीचा होता, पुढे तिथे आरोग्य आले. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम यांनी मुलांचे शेती मंडळ सुरू केले होते, त्यामुळे ओहायोही जन्मस्थानाचा हक्क सांगते. खरे पाहता अशी मंडळे त्या दशकात अनेक राज्यांत निघत होती. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी महाविद्यालयांच्या विस्तारकार्याला, म्हणजे शेतीचे ज्ञान गावोगाव पोचवण्याच्या कामाला, संघराज्याचा पैसा मिळाला आणि ही मंडळे एका छत्राखाली आली. ‘फोर-एच’ हे नाव १९२०च्या दशकात रूढ झाले. म्हणून ‘फोर-एचची जननी’ ही क्लॅरिंडाने दिलेली पदवी इतिहासाचा निकाल म्हणून न घेता गावाचा जिव्हाळा म्हणून वाचणे बरे. बेन्सन व ग्रॅहम यांच्यापेक्षा फील्ड वेगळ्या ठरतात त्या वर्गात उभे राहून आरंभ केल्यामुळे.

१९१७ मध्ये आयरा शॅमबॉ यांच्याशी विवाह झाल्यावर त्या क्लॅरिंडातच राहिल्या. १९७७ साली, मृत्यूनंतर सहा वर्षांनी, आयोवा राज्याच्या महिला सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. तोवर आयोवातील हजारो एकखोली शाळा एकत्रीकरणात बंद पडल्या होत्या. काही विकल्या गेल्या, काहींची गोदामे झाली. क्लॅरिंडात बाहेरचे पाहुणे येतात ते बहुधा इथे जन्मलेल्या ग्लेन मिलर या संगीतकारासाठी. शाळा बघायला येणारे वेगळे, त्यांत फोर-एचची मुले आणि त्यांचे आजी-आजोबा.

चार पानांचे क्लोव्हर आज संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहे; परवानगीवाचून ते वापरता येत नाही. मधला मक्याचा दाणा आणि त्यावरचे ‘पेज’ त्यात नाही.