पार्श्वभूमी : जळगावची शहात्तरावी जागा आणि ४,७७२ माणसे

जळगाव महापालिकेत ७५ नगरसेवक आहेत. हा आकडा येतो थेट जनगणनेतून. महापालिका अधिनियमाप्रमाणे तीन लाख वस्तीला ६५ सदस्य, आणि पुढे सहा लाखांपर्यंत दर १५ हजारांमागे एक जागा वाढते. २०११ला शहराची लोकसंख्या भरली ४,६०,२२८. तीन लाख वजा करून उरलेल्याला पंधरा हजारांनी भागले की दहा पूर्ण येतात, म्हणून ७५. शहात्तरावी जागा ४,६५,००० वस्तीला मिळते. ती ४,७७२ माणसांनी हुकली.

एवढी माणसे मोजणीतून सुटू शकतात का? सहज. जनगणना झाली की निवडक गटांची स्वतंत्र फेरतपासणी होते. २०११ला देशभरात हजारी सुमारे २३ माणसे सुटल्याचे तीत दिसले, आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांहून जास्त होते. शहरवार दर त्यातून निघत नाही, पण देशाचाच दर जळगावला लावला तरी साडेदहा हजार माणसे होतात. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा निकष धरला, तर जळगावला पाणी देणाऱ्या वाघूर धरणाच्या हिशेबात रोजचे चौदा लाख लिटर कमी पडतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या स्थानिक संस्थांच्या अनुदानातला राज्याराज्यांचा वाटा ९० टक्के लोकसंख्येवर ठरला, तोही २०११च्याच. रेशनच्या लाभार्थ्यांची राज्याची मर्यादाही त्याच आकड्यांवर बांधलेली आहे.

खान्देशाला खानेसुमारी नवी नाही. १८८१पासून ती दर दहा वर्षांनी होत आली. १९०१ला अखंड खान्देश जिल्ह्यात १४,२७,३८२ माणसे मोजली गेली, आधीच्या दशकापेक्षा किंचित कमी; छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००च्या) दुष्काळाचे आणि प्लेगचे ते दशक. धुळे तेव्हा २४,७२६ वस्तीचे, जळगाव १६,२५९चे. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते पुढे १९०६ला. १९३१पर्यंत मोजणी एका ठरावीक रात्री व्हायची. जो जिथे सापडेल तो तिथला. नंतर ती पद्धत सुटली आणि काही आठवड्यांची फेरी आली. २०११ला प्रगणक, म्हणजे मोजणी करणारे कर्मचारी, ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर गेले, शेवटच्या रात्री बेघरांची मोजणी झाली आणि १ ते ५ मार्चला जन्म-मृत्यूची दुरुस्ती.

२०२१ची जनगणना कोविडमुळे राहिली, आणि तिथून खरी ओढाताण सुरू झाली. राज्यघटनेत ‘लोकसंख्या’ म्हणजे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची, असे स्पष्ट आहे. त्यामुळे जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकाही २०११च्या आकड्यांवरच झाल्या. धुळ्याचे उदाहरण बोलके आहे. हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधान ही गावे शहरात आली, पण येताना २०११ची वस्ती घेऊन आली. त्यानंतर तिथल्या शेतांचे प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या. त्या घरांना घरपट्टी लागते, वॉर्डरचनेच्या कागदावर मात्र त्यांत राहणारी माणसे नाहीत.

आकडा चुकतो तो बहुधा घरयादीच्या, म्हणजे माणसे मोजण्याआधी घरे नोंदवण्याच्या वेळी. एका प्रगणकाकडे साधारण १२० ते १५० कुटुंबांचा गट असतो. आधी तो नजरी नकाशा काढतो: पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. गटाची हद्द नाल्यावर किंवा बोळावर आली, की अलीकडचा म्हणतो ती रांग पलीकडच्याची, पलीकडचा म्हणतो अलीकडच्याची; रांगच सुटते. जुन्या वाड्यात मागच्या दाराने वापरात असलेली खोली अशीच राहून जाते. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर एका घरात दोन कुटुंबे लिहायची, हेही विसरले जाते. घरमालक भाडोत्री लपवतो, कारण त्याला घरपट्टी वाढण्याची धास्ती. ती निराधार आहे: जनगणना कायद्याच्या कलम १५ने ही माहिती गोपनीय आहे, ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. आणि एमआयडीसीत राबणारा मुलगा गावाकडे आईबापांनी घरच्यांत सांगितला, की जळगावात खोलीला कुलूप पाहून प्रगणक पुढे जातो. तो राहतो शहरात, पाणी पितो शहराचे, मोजला जातो गावात.

नंदुरबारचा प्रश्न याहून अवघड. धडगाव, अक्कलकुवा भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि लोकसंख्येची मोजणी येते ऐन फेब्रुवारीत. पडावावर प्रगणक पोचला तर ती तिकडे मोजली जातात, न पोचला तर कुठेच नाहीत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे; म्हणजे मोजणी पुन्हा हंगामातच. स्वतःची माहिती मोबाइलवरून भरण्याची सोय यावेळी आहे, पण पाचटाच्या खोपीत ती किती पोचेल याचा भरवसा धरून चालणार नाही. कोणत्या पाड्यातली किती कुटुंबे कोणत्या कारखान्याच्या हद्दीत गेली, याची यादी ग्रामपंचायतीने जानेवारीतच करून तहसीलमार्फत गुजरातच्या तालुक्याला कळवावी लागेल.