अर्धा तास पाण्याखाली गेलं की स्कूबाचं लायसन्स मिळतं?

‘मालवणला या, एका दिवसात स्कूबाचं सर्टिफिकेट घेऊन जा, पुढे जगात कुठेही डाईव्ह करा.’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. गैरसमज होणं साहजिक आहे, कारण डाईव्हनंतर हातात एक छापील कागद खरंच मिळतो.

तो कागद म्हणजे अनुभवाची आठवण. त्या डाईव्हमध्ये हवा, खोली, दिशा सगळं इन्स्ट्रक्टर सांभाळतो. तुम्ही मासे बघता. प्रमाणपत्राचा अर्थ वेगळा: सोबत्याबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय, 18 मीटरपर्यंत जाण्याची तयारी. त्यासाठी थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात साधारण चार डाईव्ह लागतात. मास्क पाण्याने भरू द्यायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, नाकातून श्वास सोडत पाणी बाहेर काढायचं. न घाबरता हे जमेपर्यंत वेळ द्यावाच लागतो. म्हणून कोर्स सहसा तीन-चार दिवसांचा असतो आणि खर्चही त्यानुसार वाढतो. कोकणात पावसाळ्यात डाईव्हिंग बंद असतं, तेव्हा रजा ऑक्टोबर ते मेमध्येच काढा. शेवटच्या डाईव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, तोही दिवस धरा.

पैसे भरण्याआधी विचारा: समुद्रात डाईव्ह किती? बोट, साहित्य, प्रमाणपत्राची फी यातच आहे का? प्रमाणपत्राच्या कार्डावरचा नंबर ते देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतो का? नंबरच नसेल, तर तो आठवणीचाच कागद आहे.